पिन बदलते, वीज बदलत नाही

परदेशी निघालेल्या मुलामुलींच्या बॅगा भरण्याचा सोहळा आता पुण्या-मुंबईपुरता उरलेला नाही. लातूर जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकच्या सीमेलगत असलेल्या देवणीसारख्या गावातही तो घडू लागला आहे. कोणाचा मुलगा शिक्षणासाठी इंग्लंडला निघतो, कोणाचे जावई आखाती देशात नोकरीवर रुजू होतात, तर कोणाची लेक संसार थाटण्यासाठी अमेरिकेला जाते. शेंगदाण्याची चटणी, येसर, मेतकूट, पापड अशा पुड्या बांधून झाल्या की हळूच एक जडशीळ खोके पुढे येते. त्यात मिक्सर असतो. त्यापाठोपाठ इस्त्री येते, कधी पाणी तापवायचा रॉडही येतो. मग घरातील वडीलधारी मंडळी सांगतात, ‘तिकडची पिन वेगळी असते म्हणे. वायरमनला बोलावून ती तेवढी बदलून घ्या.’

या वाक्यात काळजी आहे, व्यवहारही आहे. मात्र त्यात एक मोठा गैरसमज दडलेला आहे. पिन, म्हणजे आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात ज्याला ‘टॉप’ म्हणतात ती वस्तू, हे उपकरणाचे केवळ दार आहे. दाराचा आकार बदलल्याने आत येणारी वीज बदलत नाही. देवणी ही गोवंशाच्या नामांकित जातीचे नाव मिरवणारी भूमी आहे. येथील कोणताही जाणता शेतकरी बाजारात नुसती शिंगे पाहून जनावराचा सौदा करीत नाही. तो दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून पाहतो. विजेच्या उपकरणाबाबतही तोच शहाणपणा हवा. पिन ही शिंगे झाली. दात आणि चाल पाहायची तर उपकरण उलटे करून त्याच्या बुडाशी असलेली पाटी वाचली पाहिजे.

पाटीवर काय वाचावे?

प्रत्येक विद्युत उपकरणावर एक छोटी पाटी किंवा चिकटवलेला कागद असतो. त्यावर तीन आकडे महत्त्वाचे असतात. पहिला व्होल्टचा, म्हणजे विद्युतदाबाचा. दुसरा हर्ट्झचा, म्हणजे विजेच्या वारंवारितेचा. तिसरा वॅटचा, म्हणजे उपकरण किती वीज घेते याचा. भारतात घरगुती वीजपुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट आणि वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. आपल्या मिक्सरवर, इस्त्रीवर किंवा टेबल फॅनवर साधारणपणे हेच आकडे छापलेले आढळतात.

मोबाइल किंवा लॅपटॉपच्या चार्जरवर मात्र बहुधा ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ तो चार्जर जगातील जवळपास कोणत्याही देशातील घरगुती वीज पचवू शकतो. त्याला केवळ तेथील सॉकेटमध्ये बसेल असा जोड हवा असतो. पाटीवर १०० ते २४० असा पल्ला लिहिला असेल तर चिंता मिटली. नुसते २३० लिहिले असेल, तर आपण कोणत्या देशात चाललो आहोत हे आधी विचारावे लागते.

जगाच्या दोन वाटण्या

घरगुती विजेच्या दृष्टीने जगाचे ढोबळमानाने दोन गट पडतात. पहिल्या गटात दाब २२० ते २४० व्होल्टच्या दरम्यान असतो. भारत, ब्रिटन, आयर्लंड, युरोपातील बहुतेक देश, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, दक्षिण आफ्रिका, संयुक्त अरब अमिरात, कतार, ओमान, कुवेत हे सारे या गटात मोडतात. ज्या मॉरिशसमध्ये मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत तो देश आणि कोकणातून गेलेल्या बेने इस्राएल समाजाचा इस्राएल हेही याच गटातले. दुसऱ्या गटात अमेरिका आणि कॅनडा हे प्रमुख देश आहेत. तेथे घरातील साध्या सॉकेटला १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची वीज असते. जपानमध्ये तर दाब केवळ १०० व्होल्ट असून देशाच्या पूर्व भागात ५० आणि पश्चिम भागात ६० हर्ट्झ अशी फाळणी आहे. सौदी अरेबियाचा मामला निराळा आहे. तेथे वारंवारिता ६० हर्ट्झ आहे आणि १२७ व्होल्टची जुनी पद्धत मोडून २३० व्होल्टवर जाण्याचे धोरण २०१० मध्ये स्वीकारले गेले. त्यामुळे तेथील घराचा दाब विचारून घेणे इष्ट.

ही तफावत कोणी मुद्दाम निर्माण केलेली नाही. ती इतिहासातून आली आहे. एडिसनने १८८० च्या दशकात दिव्यांसाठी सुमारे ११० व्होल्टचा पुरवठा सुरू केला आणि अमेरिकेने त्याच्या आसपासचा दाब पुढे कायम ठेवला. जर्मनीतील बर्लिन शहराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस २२० व्होल्टचा मार्ग धरला. दाब दुप्पट केला की तेवढीच शक्ती पोचवण्यासाठी निम्मा प्रवाह पुरतो आणि तांब्याची बचत होते, हे त्यामागचे गणित होते. हळूहळू युरोप त्याच वाटेने गेला. एकदा लाखो घरांत तारा आणि दिवे बसले की पद्धत बदलणे खर्चाचे होते, म्हणून जो तो आपापल्या वाटेवर कायम राहिला. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९८६ मध्ये साऱ्या जगासाठी एका समान पिनेचे प्रमाणही प्रसिद्ध केले होते. दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील यांनी तिच्याशी मिळतीजुळती पिन स्वीकारली; उरलेले जग जागचे हलले नाही.

नुसती पिन बदलल्यास काय होते?

आपल्याकडील १००० वॅटचा, २३० व्होल्टचा पाणी तापवायचा रॉड अमेरिकी पिन लावून १२० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घातला, असे समजू. तापणाऱ्या तारेची शक्ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. दाब साधारण निम्मा झाला की शक्ती निम्मी नव्हे, तर जवळपास चतुर्थांश होते. हा रॉड तेथे १००० ऐवजी सुमारे २७० वॅटच देईल आणि बादलीभर पाणी तापायला चौपट वेळ लागेल. इस्त्रीचेही तेच होईल. त्यात धोका फारसा नाही, पण उपयोगही नाही.

मिक्सरचे दुखणे वेगळे आहे. त्याची मोटार कमी दाबावर रडतखडत फिरते. वाटण जरा घट्ट असले की पाते अडते, मोटार गरम होते आणि जळका वास येऊ लागतो. पंखा, वेट ग्राइंडर, फ्रिज यांतील मोटारींची गती विजेच्या वारंवारितेशी बांधलेली असते. त्यामुळे तेथे व्होल्ट आणि हर्ट्झ हे दोन्ही आकडे जुळणे आवश्यक ठरते. अशा वस्तू अमेरिकेला नेऊच नयेत.

खरा अनर्थ होतो तो उलट दिशेच्या प्रवासात. सुटीवर आलेली लेक आईसाठी अमेरिकेतून १२० व्होल्टचा केस वाळवण्याचा यंत्रपंखा किंवा कॉफीचे भांडे आणते. त्याची पिन आपल्या सॉकेटमध्ये बसत नाही. कोणीतरी उत्साही माणूस ती कापून थ्री पिन टॉप बसवतो आणि बटण दाबतो. आता दाब जवळपास दुप्पट झालेला असतो. १५०० वॅटची ती वस्तू क्षणभर साडेपाच हजार वॅटच्या आसपास वीज ओढू पाहते. तार वितळते, फ्यूज उडतो आणि प्रसंगी प्लास्टिक पेट घेते. न बसणारी पिन हा अशा वेळी अडथळा नसून इशारा असतो. तो इशारा कापून टाकण्यापूर्वी पाटी वाचायला हवी होती.

येथे आणखी एक समजूत दूर केली पाहिजे. आपल्या भागात दाब वरखाली होतो म्हणून टीव्ही-फ्रिजला स्टॅबिलायझर लावण्याची सवय आहे. तोच बरोबर नेला तर अमेरिकेतील वीज २३० ची होईल, असे अनेकांना वाटते. स्टॅबिलायझर २३० च्या आसपासचे चढउतार सावरण्यासाठी असतो. १२० चे २३० करणे हे त्याचे काम नव्हे. त्यासाठी दाब वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागतो. ७५० वॅटच्या मिक्सरसाठी तो किमान १५०० वॅट क्षमतेचा घ्यावा, कारण मोटार सुरू होताना नेहमीपेक्षा बराच अधिक प्रवाह ओढते. असा ट्रान्सफॉर्मर वजनाने जड, ओट्यावर जागा अडवणारा आणि महागही असतो. त्यापेक्षा ११० व्होल्टवर चालणारा भारतीय धाटणीचा मिक्सर तेथेच विकत घेणे शहाणपणाचे. काही भारतीय उत्पादक खास अमेरिका-कॅनडासाठी असे मिक्सर बनवतात.

मग लोक मिक्सर नेतातच कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर स्वयंपाकात आहे. पाश्चात्त्य देशांतील ब्लेंडर मुख्यतः पातळ पदार्थ घुसळण्यासाठी बनवलेले असतात. सुके खोबरे, भाजलेले तीळ, धणे, भिजवलेली डाळ हे त्यांचे काम नव्हे. भारतीय मिक्सरचा जन्मच या अडचणीतून झाला. परदेशी बनावटीचा मिक्सर भारतीय वाटणापुढे टिकेना, तेव्हा सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याने मुंबईत १९६० च्या दशकात ‘सुमीत’ मिक्सर घडवला आणि पुढे घराघरांत पाटा-वरवंट्याची जागा त्याने घेतली. म्हणूनच मिक्सर नेण्याची ओढ ही हौस नसून गरज आहे. ती गरज सुरक्षितपणे कशी भागवावी, एवढाच प्रश्न आहे.

आपली पिन आली कोठून?

दाब जुळणाऱ्या देशांत, म्हणजे ब्रिटन, आखात किंवा सिंगापूर येथे, पिन बदलण्याचा प्रश्न खऱ्या अर्थाने उपस्थित होतो. येथे एक गंमत आहे. आपली गोल तीन पायांची पिन मूळची ब्रिटिशच. तिचे प्रमाण ब्रिटनमध्ये १९३४ साली ‘बीएस ५४६’ या नावाने प्रसिद्ध झाले. लहान ५ अँपिअरची आणि मोठी १५ अँपिअरची अशा तिच्या दोन जाती आपल्याकडे रुजल्या. भारतीय मानक ‘आयएस १२९३’ नुसार आज त्या ६ आणि १६ अँपिअरच्या म्हणून ओळखल्या जातात. ब्रिटनने मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, चपट्या चौकोनी पायांची नवी पिन स्वीकारली. आपण जुनी जपली, त्यांनी ती सोडली. दक्षिण आफ्रिकेत आपली मोठी १६ अँपिअरची पिन आजही अनेक घरांतील सॉकेटमध्ये बसते, हा त्याच वारशाचा भाग होय.

ब्रिटिशांनी आकाराबरोबर एक महत्त्वाची गोष्ट बदलली. त्यांच्या नव्या पिनेच्या पोटात फ्यूज असतो. महायुद्धानंतर तांब्याची टंचाई होती. म्हणून तेथे एकाच वायरचे कडे घरभर फिरवून त्यावर अनेक सॉकेट बसवण्याची पद्धत आली. या कड्याचे रक्षण करणारा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा असे. आता तेथे ३२ अँपिअरचा ब्रेकर असतो. मिक्सरची बारीक वायर एवढा प्रवाह सोसू शकत नाही. वायर जळून खाक होईल, तरी भिंतीतील ब्रेकर पडणार नाही. म्हणून प्रत्येक उपकरणाचा स्वतंत्र रखवालदार त्याच्या पिनेतच बसवला गेला. संयुक्त अरब अमिरात, कतार, बहारीन, सिंगापूर, मलेशिया, हाँगकाँग आदी ठिकाणी हीच पिन प्रचलित आहे. मॉरिशसमध्येही ती आढळते.

हे समजले की एका सर्रास चालणाऱ्या युक्तीतील धोका कळतो. ब्रिटिश सॉकेटच्या खालच्या दोन छिद्रांवर मुलांच्या सुरक्षिततेसाठी झडप असते. वरच्या छिद्रात अर्थची पिन शिरली की ती झडप उघडते. अनेक जण वरच्या छिद्रात पेन किंवा चमच्याचे टोक खुपसून झडप उघडतात आणि दोन पायांची गोल पिन खाली दामटून बसवतात. उपकरण चालू होते, पण फ्यूज नाही, अर्थ नाही आणि पकडही सैल. सैल पकडीत ठिणग्या पडतात, उष्णता साचते आणि सॉकेट काळवंडते. चमचा धातूचा असेल तर धोका हातापर्यंत पोचतो.

तिसरा पाय नावापुरता नाही

आपल्या भागात तिसऱ्या पिनेची फार हेळसांड होते. ती तुटली तरी काम अडत नाही, असा अनुभव असल्याने तिची कोणी फिकीर करीत नाही. वास्तविक जीव वाचवणारी पिन तीच. इस्त्रीच्या आतील फेजची वायर झिजून धातूच्या तळाला टेकली, तर अर्थच्या वायरीतून मोठा प्रवाह वाहतो, फ्यूज उडतो आणि माणूस वाचतो. अर्थ नसेल तर ती इस्त्री कोणाच्या तरी हाताची वाट पाहत बसते.

मराठवाड्यातील काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणूनच जुने वायरमन अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि वैशाखात तेथे बादलीभर पाणी ओतायला सांगतात. कोरडी माती वीज नीट वाहून नेत नाही, हे ते अनुभवाने जाणतात. परदेशातील घरात अर्थची व्यवस्था बहुधा चोख असते. पण आपण नेलेल्या इस्त्रीची पिनच दोन पायांची असेल, तर त्या व्यवस्थेचा उपयोग शून्य. ज्या उपकरणाच्या पाटीवर ‘चौकोनात चौकोन’ अशी खूण असते, त्याला दुहेरी आवरण असल्याने अर्थची गरज नसते. ही खूण नसेल आणि वायरमध्ये तीन तारा असतील, तर तिन्ही तारा जोडल्याच पाहिजेत.

रंगांचा चकवा

पिन बदलताना सर्वांत घातक चूक होते ती रंगांची. आपल्या जुन्या पद्धतीत लाल म्हणजे फेज, काळा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा म्हणजे अर्थ. नव्या उपकरणांच्या वायरमध्ये आंतरराष्ट्रीय पद्धत असते. तीत तपकिरी फेज, निळा न्यूट्रल आणि हिरवा-पिवळा पट्ट्यांचा अर्थ असतो. अमेरिकेत मात्र काळा म्हणजे फेज, पांढरा म्हणजे न्यूट्रल आणि हिरवा अर्थ. म्हणजे जी काळी तार देवणीच्या जुन्या घरात न्यूट्रल म्हणून ओळखली जाते, तीच अमेरिकेत फेज असते. निळ्या रंगाचेही तसेच आहे. उपकरणाच्या वायरमध्ये तो न्यूट्रल, पण आपल्याकडील थ्री फेज वायरिंगमध्ये लाल, पिवळ्यानंतरचा तिसरा फेज निळाच असतो.

म्हणून रंगावर विसंबून राहण्याऐवजी उपकरणाची जुनी पिन कापण्यापूर्वी मल्टिमीटरने खात्री करावी. उपकरण सॉकेटमधून काढून ठेवावे आणि पिनेच्या कोणत्या पायाशी कोणत्या रंगाची तार जोडलेली आहे ते तपासून कागदावर लिहावे. नव्या पिनेत स्क्रूजवळ इंग्रजी ‘एल’ म्हणजे फेज, ‘एन’ म्हणजे न्यूट्रल आणि ‘ई’ म्हणजे अर्थ अशा खुणा असतात. अमेरिकी पिनेत पितळी रंगाचा स्क्रू फेजचा, चंदेरी न्यूट्रलचा आणि हिरवा अर्थचा असतो.

प्रत्यक्ष पिन बदलताना

पहिली सूचना अशी की पिन गावी बदलू नये. येथे बदलली तर उपकरण चालवून पाहण्याची सोय उरत नाही. मिक्सर निघण्यापूर्वी येथे नीट चालवून पाहावा, वायर कोठे तडकली आहे का हे तपासावे आणि जुन्या पिनेसह तो न्यावा. तेथे पोचल्यावर त्या देशाच्या मानकाची खूण असलेली पिन घ्यावी. ब्रिटिश धर्तीच्या देशांत तिच्यावर ‘बीएस १३६३’ असे कोरलेले असते.

जुनी पिन एकसंध ओतीव प्लास्टिकची असेल तर ती वायरसह कापावी लागते. कापलेले तुकडे लगेच निकामी करावेत. पाय वाकवून मगच कचऱ्यात टाकावेत. वायरचा तुकडा लटकत असलेली पिन एखाद्या मुलाने सॉकेटमध्ये खोचली, तर उघड्या तारांत वीज येते.

त्यानंतर वायरचे बाहेरचे आवरण चार-पाच सेंटिमीटर सोलावे. आतील तारांच्या आवरणाला पात्याचा ओरखडा बसला, तर तेवढा भाग कापून पुन्हा सोलावे. फेज आणि न्यूट्रल बेताच्या लांबीचे ठेवावेत, अर्थची तार मात्र थोडी लांब ठेवावी. यामागे कारण आहे. वायरला हिसका बसलाच तर आधी फेज सुटावा आणि अर्थ सर्वांत शेवटी सुटावा. ब्रिटिश पिनेचे झाकण काढून अर्थ वर आणि वायर खाली अशी ती समोर धरली की उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल येतो. तारांचे केस नीट पिळून स्क्रूखाली घट्ट दाबावेत. एकही केस बाहेर राहता कामा नये. वायर पकडणारी पट्टी बाहेरच्या जाड आवरणावर आवळावी, आतील नाजूक तारांवर नव्हे.

शेवटी फ्यूज. पिनेबरोबर बहुधा १३ अँपिअरचा फ्यूज मिळतो आणि लोक तोच राहू देतात. नियम साधा आहे. उपकरणाला लागणाऱ्या प्रवाहापेक्षा फ्यूज थोडा मोठा असावा, पण वायर सोसू शकेल त्यापेक्षा मोठा नसावा. वॅटला व्होल्टने भागले की प्रवाह मिळतो. ७५० वॅटच्या मिक्सरला सुमारे सव्वातीन अँपिअर लागतात, म्हणजे तेथे ३ अपुरा पडतो आणि ५ अँपिअरचा फ्यूज योग्य ठरतो. ७०० वॅटपर्यंतच्या उपकरणांना साधारणतः ३ अँपिअर पुरतो.

झाकण बसवून वायर हलकेच ओढून पाहावी. मग मल्टिमीटरने दोन गोष्टी तपासाव्यात. अर्थची पिन आणि उपकरणाचा उघडा धातू यांत जोड आहे ना? आणि फेज व अर्थ यांत जोड नाही ना? पहिल्याचे उत्तर ‘आहे’ आणि दुसऱ्याचे ‘नाही’ असे आले तरच सॉकेटचे बटण दाबावे. मल्टिमीटर हाताळण्याची सवय नसेल, तर तेथील इलेक्ट्रिशियनकडून हे काम करून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील काही राज्यांत तर असे काम परवानाधारकाकडूनच करून घेण्याचे बंधन आहे. शिवाय पिन कापल्यास अनेक उत्पादकांची हमी संपुष्टात येते, हेही ध्यानात असू द्यावे.

पिनेऐवजी वायरच बदलावी

काही उपकरणांची वायर मागून काढता-घालता येते. लॅपटॉपचा चार्जर, संगणक, काही राइस कुकर ही त्याची उदाहरणे. अशा वेळी काहीही कापण्याची गरज नाही. उपकरणाकडील टोक तेच आणि भिंतीकडील पिन स्थानिक अशी पूर्ण वायर त्या देशात सहज मिळते. नवी वायर जुनीइतक्याच प्रवाहाची असावी, एवढेच पाहावे. हा सर्वांत सोपा आणि सुरक्षित मार्ग होय.

राहता राहिला अॅडॉप्टर. जगभर चालणारा म्हणून विमानतळावर जो मिळतो, तो चार्जरसाठी ठीक आहे. त्यातील अनेकांना अर्थचा जोड नसतो. म्हणून इस्त्रीसारखे धातूचे, भरपूर वीज घेणारे उपकरण त्यावर रोज चालवू नये. युरोपातील जर्मन धर्तीच्या खोलगट सॉकेटबाबत विशेष सावधगिरी हवी. तेथील पिनेचे पाय ४.८ मिलिमीटर जाडीचे असतात आणि आपल्या लहान थ्री पिनचे सुमारे ५.१ मिलिमीटरचे. दोन पायांमधील अंतर जवळपास सारखेच, १९ मिलिमीटरच्या आसपास आहे. त्यामुळे तिसरा पाय कापून आपली पिन ठोकून बसवण्याचा मोह होतो. तसे केल्यास सॉकेटची पकड फाकते आणि अर्थ तर जातोच.

काय न्यावे, काय ठेवावे?

चार्जर आणि लॅपटॉप कोठेही न्यावेत. ब्रिटन, आखात, सिंगापूर, युरोप, ऑस्ट्रेलिया येथे मिक्सर नेण्यास हरकत नाही. पिन मात्र तेथे रीतसर बदलावी. सौदीला जाताना दाबाबरोबर ६० हर्ट्झही लक्षात ठेवावे. अमेरिका, कॅनडा, जपान येथे २३० व्होल्टचे कोणतेही उपकरण नेऊ नये. पाणी तापवायचा रॉड तर कोठेच नेऊ नये. तो पाण्यात सोडल्यावर अर्थ आणि वायर यांत जराही खोट चालत नाही. इस्त्रीही तेथे सहज मिळते, तिच्यासाठी बॅगेतील जागा अडवू नये.

परदेशी पोचल्यावर पहिल्या रविवारी घरच्यासारखे वाटण करावेसे वाटते, ते स्वाभाविकच आहे. त्या वाटणासाठी आईने दिलेला मिक्सर जपून न्यावा. पण निघण्याच्या आदल्या रात्री वायरमनला हाक मारण्यापूर्वी तो एकदा उलटा करून त्याच्या बुडाची पाटी वाचावी. तेथे लिहिलेला व्होल्टचा आकडा आणि जायच्या देशातील आकडा जुळला, तरच पिनेचा विचार करायचा. तो जुळत नसेल, तर मिक्सर घरीच राहू द्यावा आणि त्याच्या वजनाएवढे येसर व चटणी अधिक न्यावी. त्यांना कोणत्याच देशात पिन लागत नाही.